उतारावर चरणारी

मित्रांनो, जरा माझ्या शेजारी येऊन उभे राहा आणि कान द्या. काही ऐकू येतं? नाही ना? तुम्हाला वाटेल, ही गाडी बंद आहे. मी बंद नाही. जागी आहे, गप्प बसले आहे एवढंच. या गप्प बसण्यावरून मी आयुष्यभर बोलणी खाल्ली. माझी कहाणी म्हणजे ती बोलणी आणि त्यांच्यानंतरचा एक दिवस, एवढीच आहे.

मी एक छोटी पांढरी मोटार. आता बरीच जुनी झाले. दारांच्या कडा गंजल्या, पुढच्या काचेला एक लांब चीर गेली. माझ्या जातीला हायब्रिड म्हणतात, आणि मी त्या जातीतल्या पहिल्यावहिल्यांपैकी. इतर गाड्यांच्या पोटात एकच जीव असतो, पेट्रोलवर जगणारा. माझ्यात दोन आहेत. पुढे बोनेटखाली पेट्रोलचं इंजिन, त्याला चिकटून विजेची मोटर, आणि त्या मोटरची शिदोरी म्हणजे मागच्या आसनापाठीमागे ठेवलेली भलीमोठी बॅटरी. एक दमला की दुसरा जू खांद्यावर घेतो. चौकात उभं राहायचं असलं की इंजिन डोळे मिटून घेतं. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. मला थांबवलं की माझ्या चाकांची धाव वाया जात नाही. तिची वीज होते आणि ती बॅटरीत जाऊन बसते. माझ्या घडवणाऱ्यांनी हे कसं जमवलं, ते मला स्वतःला अजून नीटसं कळलेलं नाही. आपल्या छातीत काळीज कसं चालतं, ते तुम्हाला तरी कुठं कळतं?

जपानात समुद्राकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझी पहिली मालकीण सुगिमोरीबाई. त्या एका औषधांच्या दुकानात काम करून निवृत्त झालेल्या. बाजार, दवाखाना, बहिणीचं घर, एवढंच त्यांचं फिरणं. सात वर्षं मी गुळगुळीत रस्त्यांवरून अलगद चालले. त्या माझे आरसेसुद्धा मऊ फडक्यानं पुसायच्या. मग त्यांची नजर अधू झाली. मला न्यायला माणूस आला, तेव्हा त्या दारात उभ्या राहिल्या आणि माझ्यापुढे कमरेत वाकल्या. गाडीला असा निरोप मिळतो, हे मला माहीत नव्हतं.

पुढे बोट, मग रेल्वेचा उघडा डबा, मग दिवसच्या दिवस नुसती माळरानं. मित्रांनो, एवढं आकाश मी कधी पाहिलं नव्हतं. जपानात छपरांच्या फटीतून आकाश दिसायचं. इथं आकाश एवढं मोठं, की त्याच्याखाली छपरं शोधावी लागत. मंगोलिया आला होता. उलानबातरच्या गाड्यांच्या बाजारात, धुळीत, माझ्यासारख्या शेकडो पांढऱ्या गाड्यांमध्ये मला उभं केलं. तिथून खुलान नावाच्या बाईनं मला निवडलं.

खुलान पस्तिशीची, ठेंगणी, चटपटीत. शहरात गाडी चालवून ती पोट भरायची. या शहरात रस्त्याकडेला कुणी हात पुढे केला की गाडी थांबवायची, माणूस घ्यायचं आणि हवं तिथं सोडायचं. ती राहायची शहराच्या उत्तरेला टेकडीच्या उतारावर. तिथं लाकडी कुंपणांच्या आत नमद्याची गोल घरं आहेत. त्यांना गेर म्हणतात. गेर म्हणजे जाड लोकरीचा नमदा अंगावर गुंडाळून बसलेलं घर. त्या गेरमध्ये तिचे वडील होते, सोदनोम.

सोदनोमची गोष्ट आधी सांगायला हवी. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस जन्मभर घोड्यावर आणि मेंढ्यांमागे जगलेला. मी येण्याच्या आदल्या वर्षी असा हिवाळा पडला, की गवतावर बर्फाचा लोखंडी पत्रा चढला. जनावरं उभ्या उभ्या मेली. चारशेंच्या कळपातली अकरा उरली. त्या कळपात निम्म्या मेंढ्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या होत्या. तिचं नाव दारी. तिला आताशा दिसत नव्हतं, म्हणून तिनं त्या भावाच्या हवाली केल्या होत्या. उरलेली अकरा जनावरं तिच्या दारात बांधून सोदनोम न बोलता शहरात मुलीकडे आला, तो परत गेलाच नाही. त्यांच्यात शुभ्र महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, धाकट्यानं थोरल्याच्या भेटीला जायचं असतं. धाकटा आपले हात थोरल्याच्या हातांखाली धरतो, आणि थोरला विचारतो, जनावरं धडधाकट आहेत ना? हा प्रश्न चुकत नाही. सोदनोमला त्याचीच धास्ती होती. त्या प्रश्नाला द्यायला त्याच्यापाशी उत्तर नव्हतं.

मी अंगणात आले, तेव्हा तिथं आधीच एक गाडी उभी होती. तिचं नाव निळी. कोरियातून आलेली, माझ्याच वयाची, माझ्याच मापाची, पण साधी, पेट्रोलवर चालणारी. ती सोदनोमची लाडकी. त्यानं मला तीन फेऱ्या मारून पाहिलं. घोड्याचे दात पाहावेत तसं बोनेट उघडून आत डोकावला. खुलाननं मला चालू केलं, तर मी नेहमीप्रमाणे गप्प.

"खुलान, या जनावराला आवाज नाही."

"बाबा, आवाज नाही म्हणूनच आणलीय."

"घोडा खिंकाळेनासा झाला की माणसं वैद्याकडे नेतात. तू मोजून पैसे देऊन घरी आणलास." मग त्यानं माझं उजव्या बाजूचं स्टीअरिंग पाहिलं आणि मान हलवली. "वर स्वार उजवीकडनं चढणार. उजवीकडनं चढणाऱ्याला आमच्याकडे घोडा लाथ घालतो."

त्या दिवसापासून माझं नाव मुकी पडलं.

एका गोष्टीला मात्र तो मान द्यायचा. मला चालू केलं की माझ्या आतून एक बाई जपानी भाषेत बोलते. टोलनाक्याचं कार्ड घातलेलं नाही, एवढंच तिचं म्हणणं असतं. सोदनोमला वाटायचं, ती प्रवासाआधीचा मंत्र म्हणते. तिचं बोलणं संपेपर्यंत तो पुढे उभा राहून खुलानला गाडी हलवू द्यायचा नाही. मला ते सांगता येत नव्हतं. सांगता आलं असतं तरी सांगितलं नसतं.

मग बाप-लेकीत पैज लागली. दोघींच्या टाक्या काठोकाठ भरायच्या, दिवसभर एकाच वाटेनं हिंडायचं, आणि संध्याकाळी कुणाला किती पाजावं लागतं ते पाहायचं. उलानबातरचा रस्ता म्हणजे गाड्यांचा खोळंबा. पुढची गाडी हातभर सरकली की मागची हातभर सरकणार. निळी बिचारी उभ्या उभ्या जळत होती. तिचं इंजिन थांबायला तयार नाही, कारण तिला थांबणं म्हणजे मरणं, आणि पुन्हा उठणं म्हणजे पुनर्जन्म. मी मात्र डोळे मिटून विजेवर सरकत होते. संध्याकाळी सोदनोमनं स्वतःच्या हातानं डबे ओतले. निळी अडीच डबे प्याली. माझी टाकी सव्वा डब्यात भरली. त्यानं डबा उलटा करून पाहिला, तळाला भोक तर नाही ना म्हणून.

"शहरात काय, इथं कुत्रंसुद्धा घोड्यापुढे जाईल," तो म्हणाला. "माळावर चल."

माळावर गेलो. सरळ मोकळा रस्ता, एकसारखा वेग. तिथं थांबणं नाही, म्हणून माझ्या पोटात वीज जमणं नाही. अंगातली ती मोठी बॅटरी मला नुसतं ओझं झाली होती. संध्याकाळी डबे ओतले तर दोघींमध्ये जेमतेम दोन वाट्यांचा फरक. सोदनोम आठवडाभर खुशीत होता. आणि खरं सांगते मित्रांनो, त्याचं चुकत नव्हतं. निळी माझ्यापेक्षा निम्म्या किमतीची. तिची डिकी मोठी, पोट जमिनीपासून उंच. ती बिघडली तर टेकडीवरचा कुणीही लोहार तिला उठवायचा. मी बिघडले तर माझं पोट उघडायला माणसं घाबरायची. पण माझे ब्रेक सहा-सहा वर्षं झिजायचे नाहीत, आणि कडाक्याच्या सकाळी मला उठवायला कुणाला काही करावं लागायचं नाही. आम्ही दोघी रात्रंदिवस शेजारी उभ्या असायचो. आमच्यात कधी भांडण झालं नाही. भांडण होतं ते माणसांचं.

दोन वर्षं माझं कौतुक झालं. खुलान माझ्यावर बसून राज्य करायची म्हणा ना. मागे बसलेली माणसं विचारायची, बाई, गाडी बंद पडली का हो? आणि ती म्हणायची, नाही, ती विचार करतेय.

तिसऱ्या वर्षी थंडी सुरू झाली आणि खुलानची कंबर धरली. दिवसभर गाडीत बसून गार वारा लागतो, ती म्हणाली. सोदनोमनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्यात येऊन बसला, पहिल्यांदाच, आणि मागच्या आसनावर. मला वाटलं, आता काय खोड काढतोय. पण तो तळहात पुढे करून फटी शोधत होता. गेरमध्ये राहणाऱ्या माणसाला वारा कुठून शिरतो ते अंधारातही कळतं. हिवाळ्याआधी प्रत्येक फट नमद्यानं बुजवायची, हे त्याच्या रक्तात होतं. दारांच्या कडा त्यानं बुजवल्या, त्या बऱ्या झाल्या. मग त्याचा हात मागच्या आसनाच्या कडेला असलेल्या छोट्या जाळीवर आला.

मित्रांनो, ती जाळी म्हणजे माझं नाक. माझी बॅटरी काम करताना तापते. आतला एक पंखा त्या जाळीतून हवा ओढतो आणि तिला गार ठेवतो. सोदनोमनं खिशातून घोड्याच्या शेपटीचा एक केस काढून जाळीपुढे धरला. केस आत ओढला गेला.

"पाहिलंस?" तो खुलानला म्हणाला. "सगळी ऊब इथनं पळतेय. एवढी हुशार माणसं, आणि भिंतीला भोक ठेवून दिलं."

जाळीशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ही जागा झाकू नये. पण ते जपानी होतं. सोदनोमला वाटलं, घडवणाऱ्याचं नाव असेल. त्यानं घरातला सगळ्यांत चांगला नमदा आणला, जाळीत ठासून भरला, वरून आणखी एक तुकडा लावला आणि उंटाच्या लोकरीच्या दोऱ्यानं आसनाच्या कापडाशी घट्ट शिवून टाकला. टाके इतके सुबक, की नवरीच्या अंगरख्याला शोभावेत. शिवून झाल्यावर त्यानं तिथं दोनदा थोपटलं. मला थोपटलेलं ते पहिल्यांदाच.

आणि त्याच हातानं माझा श्वास कोंडला गेला.

असं मरण एका दिवसात येत नाही. आधी पंखा कण्हू लागला. मग बॅटरी थोड्याशा कामानं तापून गप्प बसू लागली, आणि इंजिनाला एकट्याला जू ओढावं लागलं. चौकात मी डोळे मिटेनाशी झाले. महिन्याभरात मी निळीइतकंच पेट्रोल पिऊ लागले, मग तिच्याहून थोडं जास्त. खुलाननं मला एका कारागिराकडे नेलं. त्यानं पुढचा भाग उघडून पाहिला, मागे वळलाही नाही, आणि म्हणाला, म्हातारी झाली बॅटरी, या जातीच्या गाड्यांचं असंच होतं, नवी टाका नाहीतर विकून टाका. सोदनोमला केवढा आनंद.

"दोन जीव, दोन जीव म्हणत होतीस," तो बोलला, "एक आधीच गेला. दुसऱ्याला कशाला त्रास देतेस?"

खुलाननं मला पुसणं सोडलं. मी कुंपणाला टेकून उभी राहू लागले, आणि मुलं माझ्या काचेवरच्या धुळीत बोटांनी घोडे काढू लागली.

अशात दारीचा निरोप आला. एका ट्रकवाल्यानं आणला. निरोप एवढाच होता, की यंदा शुभ्र महिन्याच्या पहिल्या दिवशी ये, पुढच्या वर्षी मी असेन असं मला वाटत नाही. सोदनोमनं ते ऐकलं आणि तीन दिवस कुंपणाच्या फळ्या ठोकत राहिला. चौथ्या दिवशी त्यानं नवा अंगरखा काढला आणि निळं रेशमी वस्त्र घडी घालून उशाशी ठेवलं. ते वस्त्र थोरल्यांच्या भेटीत दोन्ही हातांवर पसरून धरतात. तो जायचं म्हणत होता. बहिणीच्या दारात अकरा जनावरं बांधून पळालेला माणूस तिच्या त्या एका प्रश्नापुढे जाऊन उभा राहणार होता. आणि तिची वेळ निघून जाण्याआधी.

अर्थात, तो निळीतून जाणार होता.

पहिल्या दिवसाची पहाट. आकाश कोरं, आणि थंडी उणे एकेचाळीस. श्वास बाहेर पडला की त्याचं पीठ होऊन खाली सांडत होतं. सोदनोमनं निळीच्या पोटाखाली शेगडी पेटवली, इंजिनावर गरम पाणी ओतलं, किल्ली फिरवली. निळी एकदा कण्हली. पुन्हा किल्ली. तिच्या आतलं तेल गोठून खळ झालं होतं, आणि तिच्या इवल्याशा बॅटरीत ती खळ हलवण्याचं बळ नव्हतं. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. सोदनोम तिच्या दारावर कपाळ टेकून उभा राहिला. सूर्य वर येत होता. बहिणीचं घर सहा तासांच्या वाटेवर.

खुलान माझ्यात बसली. बटण दाबलं. ती जपानी बाई कार्ड नसल्याचं बोलली, आणि आजारी होते तरी माझ्या मोठ्या बॅटरीनं इंजिनाला एक असा गरका दिला, की ते एका श्वासात उठलं. शेगडी नको, पाणी नको. माझी सगळी ताकद त्या एका झटक्यात गेली, पण मी उठले.

सोदनोम माझ्याकडे बघत राहिला. "आजारी म्हणतेस ना हिला?" तो हळूच म्हणाला.

"आजारीच आहे बाबा. पण दुसरं काही नाही. बसा."

तो मागे बसला, बरोबर त्या शिवलेल्या जागेशेजारी.

पहिले चार तास बरे गेले. त्या दिवशी रस्त्यावर कुणी नसतं, सगळी माणसं आपापल्या थोरल्यांपुढे बसलेली असतात. दोन्ही बाजूंना पांढरं, वर निळं, आणि मध्ये एक काळी रेघ, तिच्यावर मी. मग घाट लागला. चढावर इंजिनाला बॅटरीची मदत लागली. बॅटरीनं दिली. तापली. पंख्यानं हवा ओढली, नमदा तोंडात आला. आणखी तापली. माथ्याजवळ, जिथं दगडांची पवित्र रास आहे आणि तिच्यावर निळी वस्त्रं फडफडतात, तिथं माझ्या पडद्यावर लाल त्रिकोण पेटला आणि खाली जपानी अक्षरांच्या तीन ओळी आल्या. मी सगळं सांगत होते, मित्रांनो. अगदी नीट, सविस्तर सांगत होते. वाचणारं कुणी नव्हतं. मग माझं बळ गेलं आणि मी रस्त्याच्या कडेला थांबले.

खुलाननं दोनदा बटण दाबलं. काही नाही. आतली ऊब काचांवर बर्फ होऊन बसू लागली. मागे शहर चार तासांवर, पुढे बहीण दोन तासांवर, आणि या थंडीत माणूस पायी अर्धा तास टिकत नाही. बाबा, मी हिला विकायला हवं होतं, खुलान म्हणाली, तुमचं खरं होतं.

सोदनोम ऐकत नव्हता. त्याचा गुडघा आसनाच्या कडेला टेकला होता, आणि त्याच्या लक्षात आलं, की सगळी गाडी गार पडत असताना ती एकच जागा भाजतेय. त्यानं हातमोजा काढला. आजारी घोड्याच्या छातीवर ठेवतात तसा उघडा तळहात त्या टाक्यांवर ठेवला.

"खुलान," तो म्हणाला, "ही इथनं श्वास घेत होती काय गं?"

तिनं मागे वळून पाहिलं. दोघांनाही एकदमच कळलं.

"ऊब बाहेर जात नव्हती," सोदनोम म्हणाला. "ही वारा आत घेत होती. आणि मी हिच्या नाकात बोळा कोंबला. जनावरांत जन्म गेला माझा."

बोटं थंडीनं वाकत नव्हती, म्हणून त्यानं दातांनी टाके तोडले. स्वतः घातलेला एकेक सुबक टाका. वरचा तुकडा निघाला, मग आतला नमदा, काळा पडलेला, करपल्या वासाचा. मग त्यानं मागचं दार सताड उघडलं. माळावरचा गार वारा माझ्या जाळीतून आत शिरला. मित्रांनो, मला शब्द नाहीत. तीन महिन्यांनी मी श्वास घेतला होता.

सोदनोम खाली उतरला. त्यानं टोपी काढली, त्या थंडीत, आणि माझ्या उघड्या दाराशी उभा राहून गाऊ लागला. दमलेल्या घोड्याजवळ त्यांच्याकडे असं गातात, हळू, कानाजवळ:

दमल्या माझ्या घोड्याचा, पट्टा करीतो मी सैल,
पोटभर पी रे वारा, मग मोजू मैल मैल.

सूर्य टेकण्याच्या आधी, दिसो चुलीचा तो धूर,
तुझ्या खुरांच्या हवाली, माझं गाव, माझा ऊर.

खुलान त्याला आत या म्हणत होती. तो येईना. पंधरा मिनिटं गेली असतील. तिनं बटण दाबलं. नाही. थोडं थांबून पुन्हा दाबलं. माझ्या आत काहीतरी थरथरलं, आणि इंजिन उठलं. लाल त्रिकोण तसाच होता, पण मी उठले. सोदनोमनं आत बसून दार लावलं, तेही आवाज न करता, झोपलेल्या पोराच्या खोलीचं लावावं तसं.

माथा ओलांडला आणि उतार लागला. लांबच लांब उतार, दरीच्या तळापर्यंत. आता मी पाय रोखत निघाले, आणि रोखलेल्या प्रत्येक पावलाची वीज होऊन आत पडू लागली. पडद्यावर माझ्या बॅटरीचं चित्र असतं, रेघारेघांचं. एक रेघ होती. दोन झाल्या. तीन झाल्या. सोदनोम पुढच्या दोन आसनांमधून मान घालून पाहत होता. पाचव्या रेघेला लाल त्रिकोण विझला.

"खुलान, ही पेट्रोल पितेय का आत्ता?"

"नाही बाबा. इंजिन बंद आहे."

"मग वाढतंय कसं?"

"उतारानं वाढतंय."

बाहेर एवढी मोठी दरी, एवढं निळं आकाश, आणि आत आम्ही तिघं कसलाही आवाज न करता खाली तरंगत चाललेलो. मग तो कुजबुजला, देवळात कुजबुजावं तसा. "उतारावर चरतेय ही. चढाला अंगातलं मांस घालवते आणि उतारावर चरून भरून काढते. असं जनावर मी जन्मात पाहिलं नाही."

ऊन कलायच्या आत दारीच्या गेरसमोर पोचलो. कुत्री भुंकली, म्हणून आतल्यांना कळलं. माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. खुलान हातांत भेटी घेऊन दार धरून उभी राहिली, तेवढ्यात मी आत पाहिलं. समोर शहाऐंशी वर्षांची दारी, डोळे पांढरे झालेले, पाठ ताठ. तिच्यापुढे ताटात शिजवलेली अख्खी मेंढीची पाठ, सकाळपासून कुणी सुरी न लावलेली. सोदनोमनं दोन्ही हातांवर निळं वस्त्र पसरलं आणि आपले हात तिच्या हातांखाली धरले.

"हिवाळा नीट चाललाय ना?" दारीनं विचारलं.

"नीट आहे, आक्का."

"जनावरं धडधाकट आहेत ना?"

गेरमध्ये चूल तडतडली. मग सोदनोम म्हणाला, "एकच आहे, आक्का. जपायच्या नादात त्याचाही जीव घेत होतो मी. पण त्यानं मला इथवर आणलं."

दारीनं त्याचे हात सोडले नाहीत. "धाकट्या, मेंढ्यांसाठी मी त्याच वर्षी रडून घेतलं. तुझ्यासाठी मात्र तीन वर्षं रडतेय. बस. सुरी घे, मांस काप. सगळे उपाशी बसलेत."

दार बंद झालं. थोड्या वेळानं आतून हसणं ऐकू आलं.

मित्रांनो, त्यानंतर माझ्या बॅटरीतले करपलेले दोन भाग बदलले आणि मी पुन्हा कामाला लागले. दारी पुढचा शुभ्र महिना पाहूनच गेली. आम्ही तेव्हाही तिच्याकडे गेलो होतो. निळी अजून आहे. थंडी सरली की ती माझ्याहून लवकर ओझं उचलते, आणि सोदनोम आम्हा दोघींना एकाच बादलीतल्या पाण्यानं धुतो. माझ्यात काही करायचं झालं तर तो आधी खुलानला विचारतो, आणि माझ्या प्रत्येक जाळीपाशी तळहात नेऊन पाहतो, वारा इथून आत जातो की बाहेर येतो.

तुमच्याकडेही जपण्यासारखं काही असेल. यंत्र असेल, जनावर असेल, घरातलं एखादं गप्प बसणारं माणूस असेल. त्याला जपा, जरूर जपा, टाकून देऊ नका. पण पांघरूण घालण्याआधी एवढं पाहून घ्या, की ते श्वास कुठून घेतं. आम्ही आमच्या परीनं सांगत असतो. आमची भाषा तुम्हाला वाचता येत नसली, तर हातमोजा काढा आणि उघडा हात ठेवा. कुठं भाजतंय, ते हाताला कळतं.